रेनेसाँ काळातलं पोर्ट्रेट मेडल अस्सल ओतीव आहे की नंतरची कॉपी, हे कसं ओळखायचं

रेनेसाँचं, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातलं, कुणाचा तरी चेहरा असलेलं धातूचं मेडल हातात आलं की लोक पहिलं काय करतात तर चुंबक लावतात. का लावतात देव जाणे. ब्राँझ, पितळ, शिसं, चांदी, यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही, मग मेडल १४४० चं असो नाहीतर काल ओतलेलं. दुसरा आवडता सल्ला म्हणजे "पटिना बघा", म्हणजे धातूवर चढलेला जुनेपणाचा थर. अहो, काळपट तपकिरी रंग एका दुपारीत चढवता येतो, आणि इटलीत त्या काळीसुद्धा नव्या मेडलवर वार्निश लावून रंग आणायचेच. आणि कुणी चिंच किंवा पितांबरी घेऊन घासायला बसलं असेल तर आधी मेडल त्याच्या हातातून काढून घ्या.

डिजिटल कॅलिपर, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने पडणारा उजेड, एवढं बास.

आधी कड बघा. कडेवर गोल फिरणारी बारीक जोडरेघ दिसली, दोन पातळ पत्रे चिकटवल्यासारखी, तर ते इलेक्ट्रोटाइप, म्हणजे विजेवर तांब्याचा थर चढवून केलेली कॉपी. हे तंत्र १८३८ च्या आसपास आलं, त्यामुळे विषय तिथेच संपला. हे पहिलंच करायचं, कारण ही कॉपी आकसत नाही आणि पुढच्या मापाच्या परीक्षेत सहज पास होते.

आता माप. इथेच सगळे आपटतात, आणि मलाही हा टप्पा बरेच दिवस जड गेला. तत्त्व सोपं आहे. त्या काळचा कलाकार मेणात मॉडेल करायचा, त्यावरून साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. ब्राँझ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. पुढे कुणी त्या मेडलवरूनच साचा घेतला तर नवीन मेडल आणखी दीड टक्का लहान, त्यावरून परत घेतला तर आणखी लहान. म्हणजे मेडल जितकं लहान तितकी कॉपीची कॉपी.

मग लोक काय करतात, व्यास मोजतात, म्युझियमच्या कॅटलॉगशी जुळवतात आणि खूश होतात. फक्त व्यासावर अजिबात विश्वास ठेवू नका. कड कानशीने घासलेली असू शकते, किंवा कॉपी करणाऱ्याने साच्यातच कड थोडी वाढवून घेतलेली असू शकते. माप आतलं घ्यायचं, डिझाइनमधल्या दोन पक्क्या बिंदूंमधलं. उदाहरणार्थ इटालियन कलाकार पिसानेल्लोचं बायझंटाइन सम्राट आठव्या जॉन पॅलिओलोगसचं मेडल घ्या, या सगळ्या प्रकाराची सुरुवातच तिथून मानतात. सम्राट १४३८ मध्ये चर्चच्या परिषदेसाठी फेरारात आला होता, तेव्हाचं ते. त्याच्या उंच टोपीच्या टोकापासून दाढीच्या टोकापर्यंत मोजा.

पण कॅटलॉगात फक्त व्यास देतात, आतलं माप कुठून आणायचं? फोटोवरून काढायचं. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, ब्रिटिश म्युझियम यांचे समोरून काढलेले फोटो ऑनलाइन आहेत. समजा फोटोत टोपी ते दाढी हे अंतर व्यासाच्या ६० टक्के भरलं आणि व्यास १०३ मिमी दिलाय, तर खरं अंतर ६१.८ मिमी. तुमच्याकडे ६०.९ भरलं तर एक पिढी खाली, ६० भरलं तर दोन. तिरपा फोटो चालणार नाही. आणि एकाच म्युझियमवर थांबू नका, त्यांच्याकडचा नमुनाही नंतरचा असू शकतो, म्हणून चार ठिकाणचं काढून सगळ्यात मोठं माप धरा. वेगवेगळ्या दिशांनी तीन अंतरं तरी घ्या, म्हणजे एखादं माप चुकलं तर कळतं.

लहान निघालं म्हणजे खोटं असं मात्र लगेच म्हणू नका, सोळाव्या शतकातही कॉपी निघतच होत्या आणि त्यांनाही किंमत आहे.

भिंगातून केस, पापणी आणि अक्षरांचे कोपरे बघा. मऊ, साबणासारखे झिजलेले दिसले की कॉपी, आणि बाकी सगळं मऊ असून केसांच्याच रेघा धारदार असतील तर कुणीतरी नंतर कोरल्यात.

धातू शेवटी. शिसं दिसलं की "नकली" म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं ऐकू नका. शिसं ३२७ अंशांना वितळतं, साच्यातला बारीक तपशील छान उचलतं, म्हणून आधी शिशात ट्रायल काढायचे, आणि चांगलं जुनं शिशाचं मेडल कधीकधी ब्राँझपेक्षा सरस निघतं. फक्त लाकडी कपाटात, त्यातही ओकच्या, ठेवू नका, लाकडातल्या आम्ल वाफेने त्यावर पांढरी भुकटी येते. आणि शिसं हाताळलं की हात धुवा.

पिवळं, म्हणजे पितळेचं, दिसत असेल तर एक्सआरएफ तपासणी करून घ्या, त्यात क्ष-किरणांनी कोणता धातू किती टक्के आहे ते कळतं. उदयपूरजवळ झावरला जस्त ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून ती थंड करून, वेगळं काढायचे, पण रेनेसाँच्या युरोपात पितळ करायचं तर तांबं जस्ताच्या खनिजाबरोबरच तापवायचे, आणि त्या पद्धतीने जस्त साधारण ३० टक्क्यांच्या पुढे फारसं जात नाही. रिपोर्टमध्ये ३८ आलं तर विकणाऱ्याला मेडल परत करा. आणि रीडिंग कडेच्या घासलेल्या उघड्या जागेवर घ्यायला सांगा, पटिनावर घेतलेला आकडा काही कामाचा नाही.