टीबीच्या टेस्टसाठी बेडका नीट कसा द्यायचा

मी लॅबमध्ये सॅम्पल घेते आणि रोज दिसतं की लोक डबीत नुसती थुंकी टाकून आणतात, पातळ, वर फेस आलेला. त्यात काही सापडत नाही, मग रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि खोकला चालूच. खूप वाईट वाटतं हो, कारण चूक फक्त सॅम्पलची असते.

तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल तर सरकारी दवाखान्यात जा, तिथे टेस्ट फुकट होते. बहुतेक वेळा दोन सॅम्पल मागतात, एक लगेच तिथेच आणि दुसरं दुसऱ्या दिवशी सकाळचं. सकाळचं जास्त महत्त्वाचं, कारण रात्रभर छातीत साचलेला कफ तेव्हा वर येतो. आदल्या रात्री कोमट पाणी भरपूर प्या, कफ सुटायला मदत होते.

सकाळी उठल्यावर काही खायच्या आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, कवळी असेल तर काढून ठेवा. मग अंगणात, गच्चीवर, जिथे मोकळी हवा आहे आणि आसपास कोणी नाही अशा जागी जा, बाथरूममध्ये किंवा बंद खोलीत अजिबात नको कारण खोकताना जंतू हवेत उडतात आणि घरातल्यांना धोका. खोल श्वास घ्या, दोन-चार सेकंद धरा, सोडा, असं दोन-तीनदा करा आणि मग पोटापासून जोर लावून खोका. घसा खाकरून आलेलं चालत नाही, छातीतूनच यायला हवं. घट्ट, चिकट, पिवळसर असतो तो बेडका, रक्त दिसलं तरी तेच द्या, लपवू नका. साधारण 2 ते 5 मिली लागतो, एका खोकल्यात नाही आला तर थांबून परत प्रयत्न करा. डबी आतून हात न लावता झाकण घट्ट लावा, नाव झाकणावर नाही, डबीवर लिहा, झाकणं बदलतात.

उन्हात ठेवू नका, उन्हाने जंतू मरतात. त्याच दिवशी लॅबला पोचवा.

एक अजून, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी टीबी तात्पुरता दबतो आणि टेस्टमध्ये निसटतो.

मायक्रोस्कोपखाली दिसायला एका मिलीत 5 ते 10 हजार जंतू लागतात, सीबीनॅट मशीन त्याहून खूप कमी असले तरी पकडतं, साधारण दोन तासांत, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं. म्हणून डॉक्टरांना सीबीनॅटचं नक्की विचारा. लहान मुलं कफ गिळतात, त्यांच्यासाठी हॉस्पिटलमध्ये सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातलं पाणी काढून तपासतात, घाबरू नका.