कॅन्सर पेशंटची बिडी सोडवताना या चुका टाळा

पहिली चूक शपथेची. ती जवळपास प्रत्येक घरात होते, म्हणून आधी तीच सांगतो.

माझ्या चुलत्यांना, आबांना, घशाचा कॅन्सर निघाला. बिडी चाळीस वर्षांची. रिपोर्ट आला त्याच रात्री आम्ही बंडलं चुलीत घातली आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घेववली. आबांनी मुकाट घेतली. मुंबईला रेडिएशन सुरू झालं, आम्ही खोली भाड्याने घेऊन राहिलो. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, "बिडी?" आबा आमच्याकडे बघत म्हणाले, "बंद." आम्हीही मान हलवली.

चौथ्या आठवड्यात खोलीमागच्या भिंतीत, विटांच्या फटीत मला थोटकं दिसली. एकेक नीट चेपून आत खोचलेलं. मी ओरडलो नाही, शेजारी जाऊन बसलो. "आबा, दिवसाला किती?" "चार." मग बराच वेळ गप्प. आणि एकदम, "शपथ मोडली रे. पोरीला काय होणार नाही ना?"

महिनाभर हा माणूस तोंडातल्या फोडांसोबत ही भीती गिळत होता. वर डॉक्टरांना खरं कळलं नाही ते वेगळंच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने रक्तात ऑक्सिजन कमी पोचतो, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या गाठीवर रेडिएशन कमी चालतं. ऑपरेशन असेल तर जखम भरायला वेळ लागतो. म्हणून मी आता एकच विचारतो: आज किती? जो आकडा येईल तो तसाच डॉक्टरांना सांगतो.

दुसरी चूक निकोटीन गमची, म्हणजे बिडीची तलफ भागवायला देतात त्या औषधी गमची. लोक तो साध्या च्युइंगगमसारखा चघळतात, मग उचकी, मळमळ, आणि दुसऱ्या दिवशी "आमच्या पेशंटला सूट होत नाही". सावकाश चावायचा, जिभेला चुरचुर लागली की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा. असा अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. आणि रेडिएशनने तोंड सोललेलं असेल तर गमचा हट्ट नकोच, डॉक्टरांना पॅचचं, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीचं विचारा. मेडिकलवाल्याला विचारून परस्पर काही सुरू करू नका.

बिडीऐवजी तंबाखू किंवा मिश्री: अजिबात नाही.

"आता सोडून काय उपयोग?" हे पेशंटसमोर बोलणाऱ्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवा.

घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या खोलीत बिडी, काडेपेटी काहीच नको. आग लागते.

मुलाने गॅलरीत सिगारेट ओढायची आणि बापाला उपदेश करायचा, हे बघून मला खरंच संताप येतो.

तिसऱ्या दिवशी "सुटत नाही हो" म्हणून फोन करणारे पुष्कळ. पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात वाईट असतात, चिडचिड तर पुढे दोन-चार आठवडे राहते. तेवढी कळ काढा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनलाइन (क्विटलाइन) फुकट आहे, पेशंटला स्वतः बोलू द्या.

आबांना डॉक्टरांनी पॅच दिला. तलफ यायची संध्याकाळी सहाला, काही मिनिटंच टिकायची. तेवढा वेळ मी त्याच भिंतीपाशी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याजवळ बसायचो. ते घोट घोट पाणी प्यायचे आणि नातीच्या शाळेचं विचारायचे.