पॉवर स्टिअरिंग घरी दुरुस्त करताय? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

स्टिअरिंग जड झालं, वळवताना घूंऽऽ असा आवाज यायला लागला, की पहिला संशय पंपावर जातो. माझाही तसाच गेला होता. अख्खा रविवार खर्ची घालून पंप बदलला, नवं ऑइल भरलं, गाडी सुरू केली आणि आवाज जसाच्या तसा. मग ऑइलच्या डबीचं झाकण काढून टॉर्चच्या उजेडात आत बघितलं. लाल, पारदर्शक दिसायला हवं ते ऑइल फिकट गुलाबी, दुधासारखं गढूळ झालं होतं आणि वर साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे. कुठून तरी हवा आत जात होती. डबीतून पंपाकडे जाणारा पाइप जिथे पंपाला बसतो, तिथली ओरिंग, म्हणजे रबरी कडी, कडक होऊन चपटी पडली होती. नखाने दाबली तर मोडली.

हा दोष फसवा असतो, कारण बाहेर ऑइलचा थेंबही दिसत नाही. तो पाइप खेचणाऱ्या बाजूचा. इंजिन चालू असताना पंप तिथून ओढतो, त्यामुळे फटीतून ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. म्हणून आवाज आला की आधी डबीत बघा. फेस दिसला तर आधी हवेची वाट शोधा, पंपाकडे नंतर वळा. तिथेच आणखी एक जागा तपासा: बऱ्याच डब्यांच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने तुंबली की पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही आणि तो अगदी खराब झाल्यासारखा ओरडतो.

आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हे न बघणं

बहुतेक नव्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगला ऑइल लागतच नाही. स्टिअरिंगखालच्या दांड्यावर, म्हणजे कॉलमवर, किंवा पुढची चाकं वळवणाऱ्या रॅकवर विजेची मोटर बसवलेली असते. अशा गाडीत ऑइलची डबी शोधत बसलं की भलत्याच टाकीत भलतंच काही ओतलं जाण्याचा धोका असतो. काही गाड्या मधल्या: ऑइल आहे, पण पंप पट्ट्यावर न चालता विजेवर चालतो. गाडीसोबतच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

विजेच्या स्टिअरिंगचा दिवा लागला तर सुरुवात बॅटरीपासून करा. व्होल्टेज कमी, टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी, ढिली अर्थची तार, उडालेला फ्यूज, एवढ्यावरही मोटरची मदत बंद पडते. त्यानंतर स्कॅनरने बिघाडाचे कोड वाचा. अरुंद जागेत गाडी लावताना बराच वेळ मागे-पुढे वळवत राहिलं तर मोटर तापते आणि स्टिअरिंग हळूहळू जड होतं. थंड झाल्यावर ते पूर्ववत झालं तर लगेच खोलायला बसू नका. मोटर किंवा स्टिअरिंगवरचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर मात्र घरी उघडू नयेत. बसवल्यानंतर सेन्सरची जुळवणी, म्हणजे कॅलिब्रेशन, लागतं आणि ते पान्याने होत नाही.

रंग बघून ऑइल भरणं

काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, चालतं, काहींना वेगळं पॉवर स्टिअरिंग ऑइल लागतं, काहींना फक्त सिंथेटिक हायड्रॉलिक ऑइल. लाल म्हणजे अमुक आणि हिरवं म्हणजे तमुक असं धरून चालू नका. रंग कंपनी घालते, त्यावरून आतला दर्जा कळत नाही. झाकणावर किंवा पुस्तिकेत जे लिहिलंय तेच भरा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ब्रेक ऑइल ओतणं. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं आणि स्टिअरिंगची रबरी सीलं खनिज तेलासाठी बनवलेली असतात. ती फुगतात, मऊ पडतात आणि मग पंप, रॅक, पाइप सगळीकडून गळती सुरू होते. चुकून ओतलंच तर इंजिन अजिबात सुरू करू नका. डबीतलं तिथल्या तिथे काढून टाका. गाडी चालवली गेली असेल तर सगळी लाइन धुवावी लागते आणि तरीही सीलांची खात्री देता येत नाही.

घाईने हवा काढणं

पाइप उघडला, पंप बदलला किंवा ऑइल पूर्ण काढलं की लाइनमध्ये हवा राहणारच. इथे बहुतेक जण ऑइल भरून थेट किल्ली फिरवतात. पंप ती हवा ऑइलमध्ये घुसळून टाकतो आणि एकदा फेस झाला की तो बसायला कित्येक तास लागतात.

पुढची चाकं जॅकने उचला, स्टँडवर टेका, मागच्या चाकांना अडसर लावा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली किंवा चाकाजवळ बसू नका. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. डबीत बुडबुडे वर येताना दिसतील आणि ऑइलची पातळी उतरेल. ती उतरली की लगेच भरा, डबी रिकामी पडू देऊ नका, नाहीतर केलेली मेहनत पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करा आणि पुन्हा हळूहळू फिरवा. टोकाला पोचल्यावर तिथे दाबून धरू नका. त्या वेळी पंप पूर्ण दाबावर असतो आणि ऑइल झपाट्याने तापतं. पाच सेकंदांच्या आत परत फिरा. तरी फेस दिसला तर इंजिन बंद करून गाडी तशीच राहू द्या. इथे थांबणं हाच उपाय आहे. पातळी बघताना डबीवरच्या गरम आणि थंड अशा दोन वेगळ्या खुणा ध्यानात ठेवा. थंड ऑइल गरमच्या खुणेपर्यंत भरलं तर ते तापल्यावर बाहेर येतं.

हाताने गळती चाचपणं

ही चूक कळकळीने सांगतो, कारण इथे गाडीचं नाही, माणसाचं नुकसान होतं. टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते. पॉवर स्टिअरिंगच्या दाबाच्या पाइपात स्टिअरिंग टोकाला गेल्यावर सत्तर-ऐंशी बार, कित्येक गाड्यांत शंभराच्याही वर दाब असतो. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीत घुसू शकते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत तेल पसरलेलं असतं. तसं झालं तर धुऊन पट्टी न बांधता थेट रुग्णालय गाठा. चालू इंजिनवर गळती शोधायची तर लांबून पुठ्ठा धरा, त्यावर डाग उमटतो. आणि हे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडलं तर पेटू शकतं, म्हणून आधी इंजिन थंड होऊ द्या.

रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा. आत ऑइल खळखळलं तर रॅकचं सील गेलंय, बाहेरून क्लॅम्प आवळून उपयोग नाही. गळती थांबवणारी औषधं मिळतात. ती सीलं फुगवून काही दिवस काढून देतात, फुटलेला पाइप जोडत नाहीत. मी ती वापरत नाही.

जडपणा आला म्हणून काही खोलण्याआधी टायरची हवा तपासा. हवा कमी असेल तर चांगलं स्टिअरिंगही जड लागतं. वळवताना चिरका, किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय. पंपाचा आवाज जाड, घुमणारा असतो. पंप काढायचाच तर त्याची पुली हातोडीने ठोकू नका, शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही बिघडतात. ती ओढून काढणारं हत्यार, म्हणजे पुलर, वापरा. जुन्या ऑइलमध्ये धातूची चमचमती भुकटी दिसली तर नवा पंप जोडण्याआधी लाइन धुवा. रॅकसाठी कॉलमचा जोड सोडवत असाल तर स्टिअरिंग आधी बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं की एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगच्या आतली गुंडाळलेली तार, आतल्या आत तुटू शकते.

काम संपल्यावर दाबाच्या पाइपाखाली आणि दोन्ही बुटांखाली कोरा पुठ्ठा पसरा आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवा. सकाळी डाग नसेल आणि डबीतली पातळी तितकीच असेल, तर आधी जवळच्या मोकळ्या जागेत चालवून बघा आणि परत येऊन पुन्हा एकदा झाकण उघडा.