थ्रीव्हची गढी कशी पाहावी

ग्लासगोला आमच्याकडे कुणी आलं, की एडिंबराच्या आधी मी त्यांना थ्रीव्हला नेते. कॅसल डग्लस गावाजवळ, डी नदीतल्या बेटावरची ही गढी. शेतांतून पायवाटेने धक्क्यापर्यंत चालायचं, तिथून होडी. होडी हिवाळ्यात बंद असते, एरवीही निघण्याआधी चौकशी कराच.

उतरल्यावर लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा. 1369 मध्ये गॅलोवे हा इथला मुलूख आर्चिबाल्ड डग्लसच्या हाती आला आणि त्याने हा उंच चौकोनी मनोरा बांधायला घेतला. 1400 साली तो इथेच वारला. माथ्याकडे पाहा, भिंतीत चौकोनी भोकांच्या ओळी दिसतील. त्यांत वासे घालून बाहेर लाकडी सज्जा काढत, म्हणजे खाली आलेल्या शत्रूवर थेट मारा करता येई.

आत गेलात की खालून वर वाचत जा. तळाला कोठार आणि विहीर, वेढा पडला तरी पाण्याची ददात नाही. दाराच्या पातळीवर स्वयंपाकघर, त्यावर दिवाणखाना, मग धन्याच्या खोल्या, सगळ्यांत वर शिपाई. मजले आता पडलेत, पण भिंतीतल्या चुली आणि खिडक्यांवरून प्रत्येक मजला ओळखता येतो. कोपऱ्यातली कोठडी चुकवू नका. तिला दार नाही, कैद्याला वरच्या झडपेतूनच खाली सोडत.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र बाहेरच्या तटाला द्या. स्टर्लिंगच्या किल्ल्यात 1452 मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसऱ्या जेम्सने डग्लस घराण्याच्या प्रमुखाला स्वतः भोसकून मारलं. त्या घराण्याला तोफांचा धोका त्याआधीच कळला होता. 1447 च्या सुमाराचा हा तट, कोपऱ्यांवर गोल बुरूज, त्यांत तोफांसाठी जंग्या. एका जंगीला डोळा लावून पाहा, माऱ्याची दिशा समजते. 1455 मध्ये जेम्स तोफा घेऊन आला, दोन महिन्यांहून जास्त वेढा चालला, तरी गढी पडली नाही. शेवटी आतल्या शिबंदीने पैसे आणि इनामं घेऊन दरवाजे उघडले.

इथे मॉन्स मेग तोफेने भिंत फोडली, असं कुणी सांगेल. मानू नका, ती तोफ स्कॉटलंडला पोचली 1457 मध्ये.

मजले का नाहीत, असं मुलं हमखास विचारतात. 1640 मध्ये राजा पहिल्या चार्ल्सच्या बाजूने लढणाऱ्या शिबंदीने तेरा आठवडे गढी राखली. तिने हत्यार टाकल्यावर कॉव्हेनंटर या राजाच्या चर्चविषयक धोरणाला विरोध करणाऱ्या पक्षाने गढी पुन्हा लढती होऊ नये म्हणून ती आतून मोडून टाकली.