जुन्या वेलींची शेनिन ब्लां आणि विदर्भाचे ऊन : या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेतील जुन्या वेलींच्या द्राक्षांपासून केलेली शेनिन ब्लां ही तरतरीत, गोडवा नसलेली पांढरी वाइन नागपूरहून गावी आणल्यावर ‘एवढी महाग असून नुसती आंबट लागली’ किंवा ‘पाणचट निघाली’ अशी तक्रार होते, तेव्हा दोष बहुधा वाइनचा नसून तिला आणण्याच्या, ठेवण्याच्या आणि वाढण्याच्या पद्धतीचा असतो.

पहिली चूक दुकानातच होते. ‘ओल्ड व्हाइन’ (जुनी वेल) या शब्दांना बहुतेक देशांत कायदेशीर व्याख्या नाही, त्यामुळे लेबलवर ते छापलेले आहेत एवढ्यावर विसंबून जास्त पैसे मोजू नयेत. दक्षिण आफ्रिकेच्या बाटलीवर मात्र ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’ या जुन्या बागा जपणाऱ्या संस्थेची मोहोर पाहावी, 2018 पासून दिली जाणारी ही मोहोर 35 वर्षे किंवा त्याहून जुन्या बागांच्या वाइनलाच मिळते आणि तिच्यावर वेली लावल्याचे वर्ष दिलेले असते.

वेल जुनी म्हणजे वाइनही जुनी, असे समजून ती लग्नाच्या वाढदिवसासाठी कपाटात राखून ठेवणे ही दुसरी चूक. वय वेलीचे असते, बाटलीचे नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या स्वार्टलँड भागात यातील पुष्कळ वेली मांडवाशिवाय, झुडपासारख्या वाढवलेल्या आणि पावसाच्याच पाण्यावर जगणाऱ्या आहेत. कोरडवाहू शेती करणाऱ्या आपल्या वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको : मुळे खोल गेलेली, घड थोडे, पण रसाला दाटपणा आलेला. शेनिन ब्लां जातीचे द्राक्ष उष्ण हवेतही आपली आंबूस धार टिकवून धरते, म्हणूनच ते नाशिककडेही रुजले. हा दाटपणा आणि ही धार, दोन्ही एकत्र जिभेवर येणे, हेच या वाइनचे खरे वैभव आहे, आणि नेमके तेच आपल्याकडच्या उन्हात सर्वांत आधी जाते.

म्हणून उष्णतेबाबतची चूक सर्वांत महागात पडते. नवतप्यात पारा 45 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत तो त्याच्याही बराच वर चढतो. अशा गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली बाटली नंतर कितीही थंड केली तरी पूर्ववत होत नाही. बाटली सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर न्यावी, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात न्यावी आणि घरी पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवावी. टिनाच्या छताखालची खोली तर सोडाच, जाड मातीच्या भिंतींचे माजघरही मे महिन्यात वाइन महिनोन्‌महिने सांभाळण्याइतके थंड राहत नाही. उन्हाळ्यात आठवड्याभरात संपेल एवढीच आणणे, हाच माझ्या मते खात्रीचा उपाय आहे. भारनियमनाच्या गावात बाटली फ्रिजच्या दारात न ठेवता खालच्या कप्प्यात आडवी ठेवावी, कारण तिथे तापमान कमी हलते. बूच काठाच्या वर आले असेल, वेष्टनाखाली चिकट ओघळ दिसत असेल, रंग तपकिरीकडे झुकला असेल आणि शिजवलेल्या सफरचंदासारखा वास येत असेल, तर ती वाइन उन्हाने गेली असे समजावे.

उष्णतेच्या धास्तीने उलट टोक गाठू नये. फ्रिजमधून चार अंशांवर काढलेली बाटली लगेच ओतली तर वास दबतो आणि फक्त आंबटपणा जाणवतो; ‘नुसती आंबट’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. आठ ते बारा अंश ही योग्य मर्यादा. बाटली थोडा वेळ बाहेर ठेवावी आणि पेल्यात एका वेळी थोडीच ओतावी, कारण आपल्या हवेत ती काही मिनिटांतच कोमट होते. घाईत असाल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. अर्ध्या तासात काम होते. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटू शकते. पेल्यात बर्फाचे खडे टाकल्यास दाटपणा पातळ होतो, आणि पाणचट लागते ती यामुळेच.

तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे चमकणारे खडे दिसले म्हणून बाटली फेकून देऊ नये. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे स्फटिक असतात, थंडीत तयार होतात आणि निरुपद्रवी असतात. उघडताच जळक्या काडेपेटीसारखा वास आला तर पेल्यात थोडे हलवून पाच-दहा मिनिटे थांबावे, बहुतेक वेळा तो उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जात नाही. तो बुचाचा दोष असतो आणि बाटली दुकानात परत करणेच योग्य. फिरकीचे झाकण हे हलक्या प्रतीचे लक्षण नव्हे.

सावजी रश्श्याबरोबर ही वाइन देऊ नये, कारण मद्यार्काने तिखटाचा जाळ आणखी भडकतो. संत्रा बर्फीसोबत ती कडक आंबट लागते, कारण गोड खाल्ल्यावर गोडवा नसलेली वाइन उघडी पडते. भंडारा-गोंदियाच्या तलावांतले मासे मीठ-लिंबू लावून तळलेले असोत किंवा रश्श्याशिवायची पाटवडी असो, त्यांच्याबरोबर ती खुलते.

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरमधली बंदी 2021 मध्ये उठली. नागपूर ते यवतमाळ रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो, हे बाटली गाडीत ठेवण्यापूर्वी लक्षात घ्यावे आणि नियमांची चौकशी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधीच करावी.

उरलेली वाइन झाकण घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.