मोरीतली काळी निशाणवाली

झुरळं मारण्यावर माझं घर चालतं. त्यामुळे असे फोन मला नवे नाहीत: "अहो, बाथरूमच्या खिडकीवर काळी माशी बसलीय, शेपूट हलवतेय. चावेल का?" मी एवढंच विचारतो, "वर-खाली हलवतेय का?" हो म्हणाले की मी पंप गाडीतच ठेवतो आणि खिशात दहापट दाखवणारं भिंग टाकतो.

ही बहुतेक एव्हानिया अपेंडिगॅस्टर असते, गांधीलमाशीच्या नात्यातली पण झुरळांच्या अंड्यांवर जगणारी. झुरळांच्या मागोमाग जहाजांतून जगभरच्या उष्ण मुलखात पसरलेली.

आधी पकडा. काचेचा पेला उपडा घाला, खालून जाड कागद सरकवा. घाबरू नका, ही माणसाला डंख मारत नाही. पेल्यासकट पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की ती सुस्तावते. तेवढ्यात बघून घ्यायचं.

नजर पहिल्यांदा कमरेवर. गांधीलमाशीची कंबर छातीच्या खालच्या टोकाला, मागच्या पायांच्या बुडाशी सुरू होते. हिची बारीक दांडी पायांपासून लांब, पार वर पाठीजवळ जोडलेली असते, खिळा चुकून वरच ठोकल्यासारखी. त्या दांडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चपटं, चिमुकलं पोट. चालताना तेच निशाणासारखं वर-खाली होतं. एवढं दिसलं की कुळ पक्कं: एव्हानिइडी. पंख, रंग, आकार सगळं नंतर.

नंतर म्हणजे असं: अंग तांदळाच्या दाण्याएवढं, काळंभोर. मागचे पाय अंगाच्या मानाने फारच लांब, म्हणून लोक कोळी समजतात. मिशांचे तुकडे मोजायचे तर नर असो वा मादी, तेराच भरतात. गांधीलमाशीच्या मादीला बाराच असतात. पोट त्रिकोणी, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं असलं तर मादी. लहान आणि लंबगोल असलं तर नर.

आता खरी अडचण. प्रोसेव्हानिया ही हिची चुलत बहीण, तीही काळी, तीही झुरळांच्याच अंड्यांवर जगणारी. दोघींना वेगळं करायचं तर छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मध्ये असलेला दोन फाट्यांचा काटा बघावा लागतो. त्यामुळे नुसता वरून काढलेला फोटो पाठवून "कुठली जात?" विचारणाऱ्यांना मी कुळाच्या पुढे उत्तर देत नाही. बाजूने एक, वरून एक आणि उताणी करून खालून एक, असे तीन फोटो हवेत.

वर्गवारी लिहून ठेवायची असेल तर मुंग्या-मधमाश्यांचा गण हायमेनॉप्टेरा, कुळ एव्हानिइडी, प्रजाती एव्हानिया, जाती अपेंडिगॅस्टर. सजीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये तिला इक्न्युमॉन या प्रजातीत टाकलं होतं; एव्हानिया ही वेगळी प्रजाती कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १७७५ मध्ये केली. परजीवी म्हणतात खरं, पण हिची अळी झुरळाच्या अंड्यांच्या डबीतली सगळी अंडी एकटीच फस्त करते, म्हणजे शिकारीच म्हणा ना.

माशी उडून गेली तरी पुरावा राहतो. सिंकखालच्या कपाटात, मीटरच्या पेटीमागे झुरळाच्या अंड्यांच्या तपकिरी डब्या सापडतात, मोठ्या झुरळाची साधारण आठ मिलिमीटरची. पिल्लं बाहेर पडली असतील तर डबी वरच्या शिवणीने उकललेली असते. एव्हानिया निघाली असेल तर गोल, कातरल्यासारखं एकच मोठं भोक. टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक दिसलं तर ते ॲप्रोस्टोसेटस हागेनोवी या इवल्याशा माश्यांचं काम. त्या एका डबीतून डझनांनी निघतात.

धंद्याच्या पहिल्या वर्षी एका जुन्या चाळीत मी खिडकीवरच्या अशा बारा-पंधरा माश्या फवारून मारल्या आणि वर त्याचे वेगळे पैसे घेतले. महिनाभरात त्याच घरातून झुरळांची तक्रार. झुरळं जिथून येतात त्या गटाराच्या चेंबरचं झाकण मी उघडलंच नव्हतं. आता निशाणवाली दिसली की आधी चेंबर बघतो, झुरळांचं जेल लावतो, आणि तिला पेल्यातून खिडकीबाहेर सोडतो. बंद डब्या मात्र घरी आणून बरणीत ठेवतो, तोंडाला मलमल बांधून. बायकोने त्या बरणीला लोणच्याच्या फळीवरून कधीच हद्दपार केलंय.