वयात आलेल्या पोरांना सवयी लावायच्यात? आधी चार्जरची जागा बदला

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी तेरा, राहायला जळगावात. दोन वर्षं मी सकाळ-संध्याकाळ एकच रेकॉर्ड वाजवली, लवकर झोप, पाणी पी, मोबाईल ठेव, भाजी खा, आणि फरक शून्य. उलट मी तोंड उघडलं की दोघं कानात इयरफोन घालायचे. मग बोलणं कमी केलं आणि घरातल्या वस्तूंच्या जागा न वेळा बदलल्या, तेव्हा कुठे थोडं जमायला लागलं. कसं ते सांगते.

सुरुवात झोपेपासून करा, कारण झोप झाली नसेल तर बाकी काहीच होत नाही, ना नाश्ता ना खेळ ना अभ्यास. 13 ते 18 वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, या वयात मेंदूत झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा सुटायला लागतं, म्हणजे दहाला झोप न येणं हा सगळाच काही आळस किंवा माज नसतो. त्यात तोंडासमोर स्क्रीनचा उजेड आला की ते अजून मागे जातं. आता हिशोब करा, उन्हाळ्यात सकाळची शाळा सातला, उठायचं सहाला, म्हणजे दहापर्यंत डोळे मिटायलाच हवेत. आणि आपण काय करतो, क्लासवरून पोरगं साडेनऊला येतं, जेवतं, मग "जरा फ्रेश होतो" म्हणून मोबाईल, की वाजले साडेबारा.

मोबाईल हिसकावू नका. मी एकदा हिसकावला होता, तीन दिवस पोरगा माझ्याशी बोलला नाही आणि आजीचा फोन घेऊन पांघरुणात बघत बसला, म्हणजे माझीच फजिती. मग आम्ही बेडरूममधले सगळे चार्जर काढले आणि एक एक्स्टेंशन बोर्ड स्वयंपाकघरात फ्रीजच्या वरती लावला. शेजारी चिवड्याचा रिकामा डबा. साडेनऊला सगळ्यांचे फोन त्या डब्यात, सगळ्यांचे म्हणजे ह्यांचा पण न माझा पण, ही अट मुलीने घातली आणि तिथेच खरी गोची झाली कारण ह्यांना झोपताना क्रिकेटचे व्हिडिओ बघायची सवय. पहिला आठवडा मोठ्यांनीच जास्त चिडचिड केली खरं सांगायचं तर. "अलार्म कसा लावू" ही सबब येणारच, त्यावर साधं गजराचं घड्याळ आणून ठेवा, विषय संपला. क्लासचं टायमिंग बदलून मिळत असेल तर तेही विचारा, आम्हाला अर्धा तास आधीची बॅच मिळाली.

सकाळचं खाणं. पोरं म्हणतात भूक नाही, आणि खरंच नसते, रात्री उशिरा शेवभाजी हाणलेली असते ना. रात्रीचं जेवण क्लासच्या आधी, सातच्या सुमारास अर्धं उरकून घ्या, आल्यावर फक्त दूध किंवा ताकभात. सकाळी आपोआप पोटात कावळे ओरडतात. मग त्यांना नवीन काही करून द्यायची गरज नाही, रात्रीची कळण्याची भाकरी चुरून त्यात दही, वरून कच्चा कांदा, झाला नाश्ता. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र, ज्वारीत जे प्रोटीन कमी पडतं ते उडीद भरून काढतो, आपल्या आज्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पोरगा आधी नाक मुरडायचा, मग सासूबाईंनी शेजारी बसून "जेवी ले रे भाऊ आधी" म्हणत स्वतः खाल्लं तेव्हा खायला लागला. आणि केळी! रावेर-यावल शेजारी, दारात हातगाडी येते, आणि आपली पोरं दहा रुपयाच्या कुरकुऱ्यांवर जगतात. केळी फ्रीजमध्ये किंवा वरच्या फडताळात नका ठेवू, दप्तर जिथे असतं तिथेच टोपलीत ठेवा. जे हाताला लागतं तेच पोटात जातं.

कोल्ड्रिंकवर भाषण देऊ नका, बाटली हातात द्या आणि मागचा छापील तक्ता वाचायला लावा. साधारण 100 मिलीला 10-11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर. मुलीने एका वाटीत चमच्याने तेवढी साखर काढली, सहा चमचे झाले, ती वाटी बघून ती स्वतःच "ई" म्हणाली. पूर्ण बंद झालं का, तर नाही. लग्नात, वाढदिवसाला पितात, चालतंय.

मुलींचं रक्त हा वेगळा विषय आणि याकडे आपण फार कानाडोळा करतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के ॲनिमिक निघाल्या, मुलं पण 31 टक्के. सतत थकवा, चक्कर, पायऱ्या चढताना धाप, पाळीत जास्त रक्त जाणं, यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन बघून घ्या, 12 च्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील ते करा. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती पोरी गुपचूप फेकून देतात कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घ्यायला सांगा. आणि जेवणाबरोबर चहा नको, चहाने लोह अंगाला लागत नाही, तासभर थांबा. पोकळा, मेथी, मटकी यावर लिंबू पिळा, त्याने उलट जास्त शोषलं जातं.

व्यायाम म्हटलं की पोरं पळतात, खेळ म्हणा. या वयात रोज सरासरी तासभर अंग हलायला हवं, धाप लागेल असं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो, तेव्हा दुपारी बाहेर काढायचं नाही, सकाळी साडेसातच्या आत किंवा संध्याकाळी ऊन कललं की. मेहरूण तलावावर चक्कर मारा, सायकलने क्लासला पाठवा, स्कूटीवर सोडणं बंद करा (ह्यात आपलाच आळस मोडावा लागतो). पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, नाव घालून, लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं हे त्यांना सरळ शब्दात सांगा, लाजायचं काय त्यात.

रात्री ब्रश करायचाच, बास.

पुडीबद्दल आधीच बोला. गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे पण मिळतो कुठे हे पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. ओरडू नका, "तुझ्या वर्गात कोण खातं" असंही विचारू नका, मित्राचं नाव कोणी सांगत नाही. "कोणी दिली तर तू काय म्हणशील" एवढं विचारा. आणि पोरगं दोन आठवडे गप्प, खात नाही, मित्रांत जात नाही, असं दिसलं तर सवयींचं सगळं बाजूला ठेवा, डॉक्टरला दाखवा किंवा 14416 ला फोन लावा, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत.

एका वेळी एकच गोष्ट धरा. आम्ही झोपेवरच दीड महिना काढला. आणि हे सगळं सुट्टीत मामाच्या गावाला गेलं की मोडतंच, तिथे गच्चीवर झोपायचं, भावंडांबरोबर एक वाजेपर्यंत गप्पा, मोडू द्या. फक्त 15 जूनला शाळा असेल तर 5 जूनपासून रोज झोपायची वेळ पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणत जा, आणि फ्रीजवरचा डबा पुन्हा खाली काढा, आमच्याकडे तोवर त्यात परत चिवडा भरलेला असतो.